किन्नाची हाळी

किन्ना जन्मली आणि पहिल्यांदा रडली, तेव्हा पलीकडच्या उतारावरच्या शेळ्यांनी चरणं सोडून माना वर केल्या, असं तिची आई सांगायची. आई थोडं वाढवून सांगत असेल. पण आर्केस्सा राज्याच्या वरच्या डोंगरात मोठा आवाज ही थट्टेची गोष्ट नव्हती. एका कड्यावर एक घर, दुसऱ्यावर दुसरं आणि मध्ये जीव काढणारी दरी. लांडगा आला, बर्फाने वाट बुजली, कुणाची बाई अडली, तर तिथे हाळी द्यायची. हाळी म्हणजे नुसतं बोंबलणं नव्हे. शब्द ताणायचा, वारा बघायचा, सूर असा सोडायचा की पुढच्या कड्याने तो अलगद उचलावा. मग बातमी कड्याकड्याने उड्या मारत खाली जायची आणि घोडेस्वार मागे पडायचा.

किन्ना लग्नाच्या वयाची झाली त्या वर्षी राजा अमेरियास डुकराच्या शिकारीला वर आला होता. दरीपलीकडून दोन आवाज भांडताना त्याला ऐकू आले. चुकलेल्या बोकडावरून एक पोरगी आणि एक पोरगा एकमेकांचे पूर्वज बाहेर काढत होते. राजा घोडा थांबवून ऐकतच राहिला.

“हा वरचा आवाज कुणाचा? असा माणूस मला हवा. माझा घोषक म्हणून.”

“तो माणूस नाही, राजा. पोरगी आहे. किन्ना,” वाटाड्या म्हणाला.

राजा खो खो हसला. “बाईला घोषक केलं तर शेजारचे राजे हसूनच मरतील. लढायचं कुणाशी मग? बरं, तिला उत्तर देणारा कोण आहे? त्याला आणा.”

असा तिरिम्मास राजाचा घोषक झाला. पांढऱ्या लोकरीचा गोंडा लावलेली काठी त्याच्या हातात आली आणि वर्षभरात किन्ना त्याच्या घरात आली. बोकड कुणाचा होता हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

खाली तळ्याकाठच्या गावात घरं भिंतीला भिंत लावून. किन्ना आवाज आवरायला शिकली. शेळ्या पाळायची, चीज करायची, तळ्याच्या धक्क्यावर मासेवाल्या बित्तोच्या शेजारी बसून विकायची. बित्तो तिची जिवाभावाची मैत्रीण, जीभ अशी की मासे कापायला सुरी लागू नये. दोन लेकी झाल्या, वाढल्या, खालच्या गावांत नांदायला गेल्या. किन्नाच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या. गावातल्या नव्या पोरांना तर ठाऊकही नव्हतं की घोषकाच्या बायकोला असा काही आवाज आहे.

आणि मग राजा गेला.

उत्तरेच्या खिंडीत इलिरी टोळ्या उतरल्या म्हणून अमेरियास सैन्य घेऊन गेला होता. द्राक्षं तोडायच्या दिवसांत सैन्य परत आलं ते राजाचा देह ढालींवर घेऊन. पुढे घोड्यावर सेनापती मेनिदास. उमदा गडी. लढाईत सगळ्यांच्या पुढे आणि पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसणारा. शिपाई त्याच्यावर जीव टाकायचे. त्याची धाकटी बहीण म्हणजे राजाची दुसरी राणी. तिचं तीन वर्षांचं पोर, पातेरिनोस, राजवाड्याच्या दारात लाकडी घोडा ओढत उभं होतं.

मेनिदासने घोड्यावरूनच सांगितलं, “राजा पडला. आणि त्याचा मोठा मुलगा अद्दायोसही पडला. खिंड अडवून मागे राहिला होता, त्याच्या तुकडीतलं कुणी वाचलं नाही. उद्या दुपारी सैन्याची सभा. नवा राजा निवडायचा.”

धक्क्यावर आकांत झाला. अद्दायोस पहिल्या राणीचा मुलगा. ती डोंगरातली होती आणि कधीच वारली होती. जेमतेम मिसरूड फुटलेला हा पोरगा सगळ्यांच्या घरी खाऊन वाढला होता. त्याच्या तुकडीत गावातली कितीतरी मुलं होती. बित्तोचा एकुलता एक मुलगा त्यात होता. बित्तो माशांच्या टोपल्यांमध्ये मटकन बसली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. किन्नाने तिला असं कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्ना शेळ्या घेऊन गावाबाहेरच्या चढावर होती. धुकं नुकतं विरत होतं. अचानक तिच्या शेळ्यांनी कान टवकारले. किन्ना जागीच थांबली.

वरून, खूप वरून, एक बारीक सूर तरंगत आला. मग दुसऱ्या कड्यावरून तोच सूर, जरा मोठा.

“अद्दायोऽऽस... जित्ता हायऽऽ... खाली येतोऽऽय...”

किन्नाच्या हातातली काठी गळून पडली. आपल्याला भास होतोय का? तिने कानामागे हात धरला. पुन्हा तेच. तिसऱ्या कड्याने उचललं होतं, “जित्ता हायऽऽ!”

मग ती धावली! शेळ्या गेल्या खड्ड्यात. या वयात, त्या दगडी उतारावर, ओचा खोचून ती अशी सुटली की वाटेतली माणसं बाजूला झाली. घरात घुसली तेव्हा तिरिम्मास आरशासारखी घासलेली कांस्याची थाळी भिंतीला टेकवून दाढी विंचरत होता. पांढरा अंगरखा, गोंड्याची काठी, सगळं तयार.

“तिरिम्मास! तो जिवंत आहे!”

“कोण?”

“अद्दायोस! वरून हाळी आली. मी माझ्या कानांनी ऐकली. येतोय तो!”

तिरिम्मासचा कंगवा दाढीतच अडकला. तो हळूच खाली बसला. “दुसऱ्या कुणी ऐकली?”

“ऐकली असेल. पण इथे खाली कुणाला कळते हाळी? त्यांना वाटतं गुराखी गातायत. तू मला सांग, तुला काय बोलायला सांगितलंय सभेत?”

तो काठीचा गोंडा झटकत राहिला.

“बोल की!”

“पहाटे वाड्यावर बोलावलं होतं. राजा गेल्याचं सांगायचं. मग अद्दायोस गेल्याचं सांगायचं. मग छोट्याचं नाव तीनदा पुकारायचं, आणि तो मोठा होईपर्यंत मेनिदास कारभार बघेल असं म्हणायचं.”

“म्हणजे जित्या माणसाला मेलेला म्हणायचं.”

“किन्ने, मला पहाटे माहीत नव्हतं!”

“आता माहीत झालं ना?”

“घोषकाला स्वतःचे शब्द नसतात गं. दुसऱ्याचे शब्द त्याच्या गळ्यातून जातात, एवढंच. मी मध्येच माझं काही घुसडलं तर मेनिदास मला तिथेच उभा चिरेल. आणि पुरावा काय? एका म्हातारीने शेळ्या राखताना काहीतरी ऐकलं?”

“म्हातारी कुणाला म्हणतोस?”

“आता हे भांडण काढू नकोस!”

“मग खरं काय ते बोल. तू सभेत काय करणार आहेस?”

तिरिम्मास उठला. काठी उचलून तो दारापर्यंत गेला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, “मला माहीत नाही.”

तो गेला. किन्नाला त्याच्या पाठीवर थाळी फेकावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता ती धक्क्याकडे पळाली. बित्तो कालच्याच जागी बसली होती.

“बित्तो, ऊठ. अद्दायोस जिवंत आहे.”

बित्तोने मान वर केली. “आणि माझा लेक?”

“ते नाही माहीत. पण अद्दायोस एकटा कसा वाचेल? सोबत कुणीतरी असणारच ना? आणि सभेत तिरिम्मासला त्याला मेलेला म्हणून पुकारायला सांगितलंय!”

बित्तोने डोळे पुसले, माशाचे खवले काढायची सुरी कमरेला खोचली आणि टोपली डोक्यावर घेतली. “चल.”

“कुठे?”

“सभेला. आणखी कुठे? तुझा नवरा तोंड उघडणार नसेल तर तू उघडशील. ते तोंड देवाने शेळ्या हाकायलाच दिलंय का तुला?”

सभा भरायची ती तळ्याकाठच्या कुरणावर. तिथे फक्त हत्यार धरणाऱ्या पुरुषांनी जायचं. पण कुरणाच्या कडेला हेराक्लीसचा खडक आहे, सरळ उभा, वर देवाची छोटीशी वेदी. नैवेद्य दाखवायला बायका तिथे जायच्याच. त्या दोघी चढायला लागल्या. खाली भाल्यांचं रान उभं होतं, लांबच लांब भाले, त्यांच्या पात्यांवर ऊन उसळत होतं, आणि हजारो गळ्यांची गुणगुण मधमाश्यांसारखी वर येत होती. किन्नाने घशावरून हात फिरवला. या घशातून हाळी निघून किती वर्षं झाली होती! निघेल तरी का?

वेदीपाशी पोचताना तिने खाली पाहिलं. ओट्यावर मेनिदास कांस्याच्या चिलखतात उभा होता. शेजारी राणी, तिच्या कडेवर पोर. आणि पुढे तिरिम्मास, पांढऱ्या कपड्यांत, एवढासा.

त्याने काठी उंचावली. कुरण गप्प झालं.

“ऐका हो आर्केस्साच्या शिपायांनो! राजा अमेरियास, तुमचा राजा, खिंडीत पडला!”

ढाली जमिनीला टेकल्या. एक लांब उसासा कुरणावरून फिरला.

“आणि अद्दायोस, अमेरियासचा मुलगा...”

तिरिम्मास थांबला.

श्वास घ्यायला थांबला असेल. पण श्वास घेऊन झाला तरी शब्द येईना. त्याचं तोंड उघडं, काठी वर, आणि आवाज नाही. मेनिदासने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतले शिपाई एकमेकांकडे बघायला लागले.

“आता!” बित्तोने तिच्या पाठीत कोपर मारलं.

आणि किन्ना ओरडली.

“अद्दायोस जिवंत आहे!”

काय तो आवाज! खडकावर आपटून तो तळ्यावर गेला, तळ्यावरून परत आला, कुरणातले घोडे मागच्या पायांवर उभे राहिले. हजारो डोकी एकदम वर वळली. वेदीपाशी एक पिकल्या केसांची बाई, हात पसरून उभी.

“जिवंत आहे! डोंगर उतरतोय! मेलेल्यांत त्याचं नाव घेऊ नका!”

जणू कुणी वारुळात काठी घातली. एकच गलका उसळला. मेनिदास गरजला, “कोण आहे ती? खाली उतरवा तिला!”

दोन पहारेकरी खडकाची वाट चढायला लागले. वाट अरुंद. वाटेच्या मधोमध बित्तो टोपली ठेवून ऐसपैस बसली आणि सुरी काढून मासा साफ करायला लागली.

“बाई, बाजूला हो.”

“देवाचा नैवेद्य करतेय. मधेच उठवलंत तर हेराक्लीस तुमच्याकडे बघून घेईल. आणि तू रे, तू त्या न्हाव्याचा पोरगा ना? तुझं नाक पुसलंय मी.”

पहारेकरी घुटमळले. तेवढ्यात खाली पहिल्या रांगेतून एक दात पडलेला जुना शिपाई पुढे आला. त्याचं नाव कोर्रागोस, अमेरियासबरोबर प्रत्येक लढाईत होता. सभेत कुणाही शिपायाला बोलायचा हक्क आहे, आणि कोर्रागोसने तो कधी फुकट घालवला नव्हता.

“सेनापती, मी अडाणी माणूस, म्हणून विचारतो. तू अद्दायोसचा देह पाहिलास का?”

“मी त्याची खिंड पाहिली! चहूकडून शत्रू होते!”

“देह पाहिलास का?”

“नाही.”

“मग आपण दोघंही सारखेच. ती बाई निदान काहीतरी सांगतेय. सांग गं बाई, तुला कुणी सांगितलं?”

“डोंगराने!” किन्ना म्हणाली. “सकाळी हाळी आली. मी वरची आहे, मला कळते.”

मेनिदास हसला, आणि तिथेच त्याचं चुकलं. “ऐकलंत? शेळ्यामेंढ्यांची बोली ऐकून आता आपण राजा निवडायचा!”

उजव्या बाजूची डोंगराकडची पलटण एकदम ताठ झाली. तिथून कुणीतरी ओरडलं, “शेळ्यावाल्यांनीच खिंडीत तुझी उजवी बाजू धरली होती, मेनिदास! तेव्हा आमची बोली गोड लागली होती ना?”

“विचार तिला! परत विचार डोंगराला!” दुसरा ओरडला. आणि सगळी पलटण भाले नाचवत तेच म्हणायला लागली. “विचार! विचार!”

किन्नाने खाली पाहिलं. आता मागे फिरायला वाट नव्हती. ती खडकाच्या पलीकडच्या बाजूला गेली, डोंगराकडे तोंड केलं, तळवे तोंडाशी धरले.

“होऽऽय... अद्दायोऽऽस... कुठं हायऽऽ?”

सूर मध्येच फाटला. तिला स्वतःलाच कळलं की तो पहिल्या कड्यापर्यंतही गेला नाही. वारा तळ्यावरून तिरका येत होता. खाली सगळे वाट बघत होते. एक क्षण, आणखी एक. डोंगर ढिम्म. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मेनिदासने सुस्कारा सोडला आणि तिरिम्मासला म्हणाला, “चल, पुढे बोल.”

तिरिम्मास हलला नाही. तो वर खडकाकडे बघत होता. आणि एकाएकी, राजाच्या घोषकाने, भर सभेत, बायकोला हाक मारली, “किन्ने! वारा पडू दे! घाई करू नकोस! मग सोड!”

ती जवळजवळ हसली. पदराचं टोक वर धरून तिने वारा पाहिला. टोक फडफडत राहिलं, फडफडत राहिलं, मग लुळं पडलं. किन्नाने पोटापासून श्वास भरला.

“होऽऽऽय! अद्दायोऽऽऽस! कुठं हायऽऽऽ?”

ही हाळी गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी गेली. पहिल्या कड्यावर टेकली, उसळली, आणि दिसेनाशी झाली. कुरणावर पापणीही हलत नव्हती. कडेवरचं पोरसुद्धा अंगठा चोखायचं थांबलं.

आणि डोंगरातून आवाज आला, “कोऽण इचारतंयऽऽ?”

सगळ्या सैन्यात एकच कल्लोळ उडाला! हसणं, ओरडणं, ढालींवर थापा. कोर्रागोस पोट धरून हसत होता. किन्नाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि ते गप्प झाले!

“तिरिम्मासची किन्नाऽऽ! सैन्य इचारतंयऽऽ!”

आता वरून धीम्या, स्वच्छ सुरात उत्तर आलं. डोंगराकडच्या पलटणीतले शिपाई ते ऐकता ऐकताच मोठ्याने बाकीच्यांना सांगायला लागले. अद्दायोस जिवंत! खिंड राखली! शत्रू पळाला! काळा ओढा ओलांडला! सोबत माणसं आहेत, जखमीही आहेत! येतोय, येतोय!

मग जे झालं ते पुन्हा कधी झालं नाही. डोंगराकडचे शेकडो शिपाई स्वतःच हाळ्या द्यायला लागले. माझा भाऊ आहे का? माझा बाप? वरच्या कड्यांवर गुराखी जमले असावेत, कारण उत्तरंही चहूकडून येत होती, एकात एक मिसळत. बित्तो सुरी टाकून किन्नाला हलवत होती, “माझ्या लेकाचं विचार! अगं, माझ्या लेकाचं विचार ना!” पण त्या गदारोळात काहीच कळेना.

मेनिदासने तलवारीवर हात ठेवला आणि आपल्या पहारेकऱ्यांकडे पाहिलं. कोर्रागोसने ते पाहिलं. म्हाताऱ्याने काही न बोलता आपल्या भाल्याचं मागचं टोक जमिनीत रोवलं आणि मांडी घालून खाली बसला. शेजारच्याने तेच केलं. मग त्याच्या शेजारच्याने. रांगांमागून रांगा खाली बसल्या, आणि कुरणात माणसांऐवजी नुसते भाले उभे राहिले.

“आम्ही थांबतो,” कोर्रागोस म्हणाला. “मुलगा येतोय. त्याचं तोंड बघू, मग ठरवू.”

बसलेल्या सैन्याचं सेनापती काय करणार?

ऊन कलायला लागलं तेव्हा उत्तरेच्या वाटेवर धूळ दिसली. शिपाई उभे राहिले. पुढे एक घोडा, लंगडत चाललेला, आणि त्याच्या शेजारी लगाम धरून पायी येणारा पोरगा. डोकं फडक्याने बांधलेलं, चिलखताचा एक खांदा तुटलेला, तोंड धुळीने माखलेलं. घोड्यावर त्याने दोन जखमी बसवले होते. मागे खेचरं, ढकलगाड्या, लंगडणारी माणसं. अद्दायोस!

मेनिदास ओट्यावरून उतरला. लांब ढांगा टाकत गर्दी चिरत गेला. किन्नाने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा मेनिदास गुडघ्यावर होता. लंगड्या घोड्याचा लगाम त्याने स्वतःच्या हातात घेतला होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता, “अद्दायोस! आपला राजा अद्दायोस!”

“बघ, बघ त्या मेल्याला!” बित्तो दात-ओठ खात म्हणाली.

अद्दायोसने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, हे खडकावरूनसुद्धा दिसत होतं. पण अर्धं सैन्य मेनिदासचं होतं आणि शत्रू परत येऊ शकत होता. त्याने मेनिदासचा खांदा धरून त्याला उठवलं. कुणीतरी शिरस्त्राणात पाणी दिलं, ते घटाघटा प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि तिरिम्मासकडे वळून म्हणाला, “पुकार.”

तिरिम्मासने तीनदा नाव पुकारलं. त्या दिवशी त्याचा आवाज पुन्हा अडखळला नाही. तिन्ही वेळा भाले ढालींवर असे आदळले की तळ्यातले बगळे पलीकडच्या काठावर उडून गेले.

किन्ना खडक उतरत होती, हसत होती, रडत होती. बित्तो तिला मागे टाकून धावली होती. एका खेचरावर पाय मोडलेला तिचा लेक बसला होता आणि “आई, पाय नको धरू, पाय नको धरू!” असं किंचाळत होता.

मग किन्नाला दुसरी आरोळी ऐकू आली. आधी एक, मग दहा, मग कितीतरी.

“आणि तो पोरगा? आजच निकाल लावा! उद्या तो राजा व्हायला येईल!”

आर्केस्सात नवा राजा आला की घरातला दुसरा वारस जिवंत उरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. राणी ओट्यावर पोराला छातीशी धरून उभी होती. तिच्या भावाने मान खाली घातली होती. किन्नाची पावलं तिथेच थबकली. मघाशी एक नाव आपण पुढे आणलं, आणि त्यामुळे हे दुसरं नाव...

ती गर्दीत घुसली. “वाट द्या! सरका!” घोषकाची बायको आहे म्हणून, की मघाचा आवाज आठवून, शिपाई सरकले. ती अद्दायोससमोर उभी राहिली, आणि आता तिने इतक्या हळू बोलायला सुरुवात केली की ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“राजा, मी दुपारी सभेत तुझं नाव घेतलं.”

“कळलं मला. वाटेत गुराखी सांगत होते. काय देऊ तुला, किन्ना? माग.”

“तो लहाना दे.”

“काय?”

“त्याला मारू नकोस. त्याच्या आईबरोबर तिच्या माहेरी, खाली सपाटीवर पाठव.”

अद्दायोसने कपाळावरचं रक्त पुसलं. तो दमला होता, चिडला होता, आणि खूप तरुण होता. “आणि मोठा होऊन माझ्यावर चालून आला तर?”

“तर तेव्हा लढ की. इतकं सैन्य घेऊन आलेल्यांना तू खिंडीत पुरून उरलास. आज लाकडी घोडा ओढणाऱ्या पोराशी लढायची घाई कसली झालीय तुला?”

कोर्रागोस सगळ्यांत आधी हसला. मग हसू पसरत गेलं, आणि हसणाऱ्या माणसांना रक्त मागणं जमत नाही. अद्दायोसने आपला भाला आडवा धरून, हेराक्लीसच्या खडकाकडे बघत, सगळ्या सैन्यासमोर शपथ घेतली. राणीने ओट्यावरच बसकण मारली. पोराला काहीच कळलं नव्हतं. त्याला भूक लागली होती.

शपथ पाळली गेली. पातेरिनोस सपाटीवर वाढला आणि पुढे पूर्वेकडे कुठल्याशा राजाच्या घोडदळात गेला. आर्केस्सावर तो कधी चालून आला नाही. मेनिदासला मात्र राहवलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात त्याने इलिरींशी संधान बांधलं, पकडला गेला, आणि त्याच कुरणावर सभेने त्याला दोषी ठरवून भाल्यांनी मारला. किन्ना त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. मेनिदास वाईट माणूस होता असं ती कधी म्हणाली नाही. “पंगतीत शेवटी बसायचा तो,” एवढंच म्हणायची.

तिरिम्मास म्हातारा होईपर्यंत घोषक राहिला. पण एक काटा त्याला कायम टोचत राहिला. जेवताना, चुलीशी बसल्यावर, मध्येच तो विचारायचा.

“किन्ने, तू ओरडली नसतीस, तर मी ते वाक्य पुरं केलं असतं का गं?”

“मला काय विचारतोस? तोंड तुझं होतं.”

“मला खरंच आठवत नाही. मी गप्प राहिलो की शब्द अडला?”

किन्ना खुशीत असली की म्हणायची, “नसतंस केलं. मी ओळखते तुला.” आणि शेळीने दूध सांडलं असेल, कुठे काही बिनसलं असेल, तर म्हणायची, “केलं असतंस! घोषकाला कुठे स्वतःचे शब्द असतात?” मग तो चिडायचा, ती आणखी चिडायची, आवाज चढत जायचे, डोंगरात चढायचे तसे, आणि शेजारची माणसं भिंतीवर थापा मारून ओरडायची, “अरे, सभा संपली! झोपू द्या आता!”

त्यावर दोघं एकदमच हसायला लागायची.